कैचीचे अँगल किती साइजचे घ्यायचे? ८ मीटरच्या शेडचं पूर्ण गणित

बलाला क्षेत्रफळानं भागलं की स्ट्रेस मिळतो, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून सगळ्यांना पाठ असतं. तरी पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छपराखालचा अँगलचा त्रिकोणी सांगाडा (ट्रस), डिझाइन करताना नवा माणूस याच सूत्रापाशी फसतो. भागाकार चुकत नाही. उत्तर १९ किंवा २० येतं, लोखंडाची ताकद २५० (दोन्ही न्यूटन प्रति चौरस मिमी), म्हणजे साइज पास. प्रत्यक्षात तोच मेंबर, म्हणजे कैचीतला तो अँगल, वादळात वाकू शकतो. खाली एक पूर्ण कैची सोडवून दाखवतो. आकडे कागदावर मांडत सोबत चला, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

लेख शिकण्यासाठी आहे. परवानगीसाठी जाणाऱ्या नकाशावर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, तिला पर्याय नाही.

कैची कशी आहे

पुण्याजवळचं एक साधं गोडाऊन घेऊ. कैचीचा गाळा, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर, ८ मीटर, मधली उंची २ मीटर, दोन कैच्यांमधलं अंतर ४ मीटर आणि भिंतीची उंची ४ मीटर. उतार २ मीटरला १ मीटर, म्हणजे २६.६ अंश.

खालच्या पट्टीवर म्हणजे टायवर दर २ मीटरला एक सांधा आहे. डावीकडून त्यांना अ, ब, क, ड, इ म्हणू. त्यातले अ आणि इ भिंतीवर टेकलेले. वर राफ्टरवर, म्हणजे छपराच्या उताराच्या मेंबरवर, प, फ, भ असे तीन सांधे, त्यातला फ म्हणजे मोभ. उभे मेंबर तीन: प–ब, फ–क आणि भ–ड. तिरके दोन: प–क आणि भ–क.

एकूण सांधे ८ आणि मेंबर १३. सांध्यांची दुप्पट करून ३ वजा केले की १३ च येतात. म्हणजे कैची नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी सुटते, सॉफ्टवेअर लागत नाही. सॉफ्टवेअर वापरणार असाल तरी एकदा हातानं सोडवा. स्क्रीनवरचं उत्तर चुकलंय हे ओळखायला दुसरा मार्ग नाही.

एक अट मात्र पाळायची. पर्लिन, म्हणजे पत्रा धरणारी आडवी पट्टी, सांध्यांवरच बसली पाहिजे. दोन सांध्यांच्या मध्ये पर्लिन टेकवली तर राफ्टरमध्ये बेंडिंग (वाक) येतं आणि मग नुसता अक्षीय, म्हणजे मेंबरच्या लांबीच्या दिशेच्या, बलाचा हिशेब पुरत नाही. साइटवर पत्र्याच्या लांबीप्रमाणे पर्लिन सरकवल्या जातात, तेव्हा हे आधीच बोलून ठेवा.

भार काढणे

आधी कायमचा भार, जमिनीवरच्या क्षेत्रफळावर मोजलेला. पत्रा आणि स्क्रू ०.०६, पर्लिन ०.०९, कैचीचं स्वतःचं वजन अंदाजे ०.१०. बेरीज ०.२५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. सोलर पॅनेल बसणार असतील तर फ्रेमसकट १२ ते १५ किलो प्रति चौरस मीटर आताच धरा. मालकाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा, कारण दोन वर्षांनी तो पॅनेल लावणारच असतो.

मग लाइव्ह लोड, म्हणजे दुरुस्तीला चढणारी माणसं वगैरे येता-जाता भार. आयएस ८७५ या भारांच्या भारतीय कोडच्या भाग २ प्रमाणे १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या छपरावर ०.७५ पासून सुरुवात करायची, १० च्या वरच्या प्रत्येक अंशाला ०.०२ कमी करायचे आणि ०.४० च्या खाली जायचं नाही. आपल्याकडे १६.६ अंश जादा आहेत, म्हणून ०.७५ वजा ०.३३, म्हणजे ०.४२. हा आकडा पत्रा आणि पर्लिनसाठी. कैचीसाठी त्याचा दोन तृतीयांश चालतो: ०.२८.

आता वारा, आणि इथे घाई करू नका. आयएस ८७५ भाग ३ मध्ये पुण्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबई आणि नागपूरचा ४४. शेड बुटकी आणि आजूबाजूला मोकळं, म्हणून सगळे गुणक १ धरू. दाब म्हणजे ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, ९१३ न्यूटन, म्हणजे ०.९१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. कोडमध्ये यात कपात करणारे आणखी गुणक आहेत. पहिल्या हिशेबात मी ते सोडून देतो.

वारा मोभाच्या दिशेनं वाहतो तेव्हा या उताराच्या छपरावर बाहेरून ०.७ ची ओढ असते. दारं-खिडक्या थोड्या असतील तर आतून ०.२ चा रेटा धरायचा. दोन्ही मिळून ०.९. म्हणजे पत्र्याला काटकोनात, बाहेरच्या बाजूला, ०.९ गुणिले ०.९१ बरोबर ०.८२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

हा आकडा कायमच्या भाराशेजारी ठेवून पाहा. छप्पर ०.२५ नं खाली बसतंय आणि वारा ०.८२ नं ते उचलतोय. मोठी शटर उघडी राहणार असतील तर आतला रेटा ०.२ वरून ०.५ वर जातो आणि उचल आणखी वाढते. पत्र्याचं छप्पर इतकं हलकं असतं की त्याची खरी परीक्षा वादळातच होते.

सांध्यावर किती

वरच्या प्रत्येक सांध्याच्या वाट्याला २ मीटर गुणिले ४ मीटर, म्हणजे ८ चौरस मीटर येतात. टोकांना निम्मे.

लिमिट स्टेट पद्धतीत भार वाढवून घेतात. पहिली परिस्थिती: कायमचा आणि लाइव्ह, दोन्ही दीडपट. १.५ गुणिले (०.२५ अधिक ०.२८) गुणिले ८, म्हणजे ६.३६ किलोन्यूटन खाली.

दुसरी परिस्थिती वाऱ्याची. वारा दीडपट, पण कायमचा भार फक्त ०.९ पट, कारण इथे वजन आपल्या मदतीला आहे आणि मदत कमी धरायची असते. वाऱ्याची उभी ओढ १.५ गुणिले ०.८२ गुणिले ८, म्हणजे ९.८४ किलोन्यूटन वर. छपराचं वजन ०.९ गुणिले २, म्हणजे १.८ खाली.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे वर्किंग स्ट्रेसच्या, सवयी असलेल्या लोकांकडून शिकत असाल तर एक सांभाळा. त्या पद्धतीत भार आहे तसा घेतात आणि स्ट्रेस १५० पर्यंतच जाऊ देतात. आयएस ८००:२००७ या लोखंडी बांधकामाच्या कोडमध्ये भार वाढवतात आणि ताकद १.१ नं भागतात, २५० चे २२७ होतात. दोन्हींतलं अर्धं-अर्धं उचललं की साइज एकतर फुकट मोठी होते किंवा धोकादायक लहान.

मेंबरमधलं बल

सांध्यावरच्या भाराला भ म्हणायचा मोह आवरतो, ते नाव सांध्याला दिलंय. भार व म्हणू. एकूण भार ४व, प्रत्येक भिंतीवर २व. अ सांध्यावर खाली व/२ आहे, म्हणून तिथे निव्वळ १.५व वर.

अ सांधा सोडवा. उभ्या दिशेला फक्त राफ्टर मदत करू शकतो. त्याच्या उताराचा साइन ०.४४७. म्हणून राफ्टर अ–प मध्ये १.५व भागिले ०.४४७, म्हणजे ३.३५व, दाब. त्याचा आडवा भाग ३व, तो टाय अ–ब ओढून धरतो, म्हणजे टायमध्ये ३व ताण.

ब सांध्यावर काहीच टांगलेलं नाही, म्हणून उभा मेंबर प–ब शून्य आणि ब–क मध्ये पुन्हा ३व. प सांधा सोडवला की वरचा राफ्टर प–फ मध्ये २.२४व दाब आणि तिरक्या प–क मध्ये १.१२व दाब मिळतो. फ सांध्यावरून मधल्या उभ्या फ–क मध्ये व इतका ताण.

ताळा लगेच करा. कैची प आणि क च्या मधून कापली असं समजा आणि प भोवती मोमेंट (बल गुणिले अंतर) घ्या: १.५व गुणिले २ मीटर, भागिले उंची १ मीटर, बरोबर ३व. टायचं उत्तर जुळलं. ताळा न केलेल्या बलावरून साइज ठरवणं म्हणजे मेहनत पाण्यात.

व च्या जागी ६.३६ घाला. राफ्टर २१.३ दाब, टाय १९.१ ताण, तिरका ७.१ दाब, मधला उभा ६.४ ताण, सगळे किलोन्यूटनमध्ये.

वाऱ्यात सगळ्या चिन्हांची उलटापालट होते. शिवाय ओढ पत्र्याला काटकोनात असल्यानं प्रत्येक सांध्यावर बाहेरच्या दिशेला आडवा भागही येतो, उभ्याच्या निम्मा. त्यामुळे गुणांक थोडे बदलतात: टायला ३ ऐवजी २.७५, तिरक्याला १.४०, मधल्या उभ्याला १.२५. राफ्टरचा ३.३५ तसाच राहतो. आता वाऱ्याचं बल वजा वजनाचं बल:

टाय: २.७५ × ९.८४ वजा ३ × १.८ = २१.७ किलोन्यूटन, दाब.
राफ्टर: ३.३५ × ९.८४ वजा ३.३५ × १.८ = २७ किलोन्यूटन, ताण.
तिरका: ११.७ किलोन्यूटन, ताण.
मधला उभा: १०.५ किलोन्यूटन, दाब.

पुस्तकातल्या आकृतीत टायवर नेहमी ताणाचे बाण असतात. आपल्या शेडमध्ये त्या टायवरचा सगळ्यात मोठा आकडा दाबाचा आहे, आणि तो ताणापेक्षाही जास्त आहे.

आता साइज

टायसाठी दोन अँगल पाठीला पाठ लावून घेऊ, ५० × ५० × ६, मध्ये सांध्यावर मेंबर जोडणारी ८ मिमीची गसेट प्लेट. स्टील टेबलमध्ये, म्हणजे अँगलच्या मापांच्या तक्त्यात, एका अँगलचं क्षेत्रफळ ५६८ चौरस मिमी, दोघांचं ११३६. लोखंड आयएस २०६२ चं ई २५०, म्हणजे २५० ताकदीचं.

आधी ताण. १९,१०० न्यूटन भागिले ११३६, म्हणजे १७ न्यूटन प्रति चौरस मिमी. मर्यादा २२७. बोल्ट असतील तर भोकांचं क्षेत्रफळ वजा करून तुटण्याचीही तपासणी लागते. अँगल एकाच पायानं जोडलेला असतो, सगळं क्षेत्रफळ सारखं कामाला येत नाही, म्हणून प्राथमिक हिशेबात एक-दोन बोल्टना ०.६, तीनला ०.७, चार किंवा जास्त बोल्टना आणि वेल्डला ०.८ असा गुणक लावतात. इथे बल इतकं कमी आहे की काहीही लावलं तरी पास. ताणाचं प्रकरण संपलं.

दाबाचं मात्र आता सुरू होतं. २१,७०० भागिले ११३६, म्हणजे १९. याच आकड्यावर लोक थांबतात.

लांब, सडपातळ मेंबर दाबाखाली चिरडून मोडत नाही, तो बाजूला वाकतो. फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून दाबून पाहा. ती किती जाड आहे याइतकंच ती किती लांब आहे आणि मध्ये कुणी धरली आहे का, यावर सगळं ठरतं. कॅनडातला क्वेबेक पूल बांधकाम चालू असताना २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि ७५ कामगार गेले. त्यात दाबाखालचे खालच्या बाजूचे मेंबर वाकले होते. त्यांचे भाग एकत्र जोडणारी जाळी अपुरी होती आणि पुलाचं स्वतःचं वजन हिशेबात कमी धरलं गेलं होतं.

मोजायचं असतं ते आधार नसलेली लांबी भागिले रेडिअस ऑफ जायरेशन (क्षेत्रफळ मध्यापासून किती पसरलंय याचं माप), म्हणजे स्लेंडरनेस रेशो, सडपातळपणा. तो दोन दिशांना वेगळा असतो. आपल्या जोडीचा उभ्या प्रतलातला रेडिअस टेबलमधून १५.१ मिमी. आडव्या दिशेचा काढावा लागतो: अँगलचा गुरुत्वमध्य पाठीपासून १४.५ मिमी, त्यात अर्ध्या गसेटचे ४ मिळवून १८.५, त्याचा वर्ग अधिक १५.१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २३.९ मिमी.

उभ्या प्रतलात टायला दर २ मीटरला सांधा आहे: २००० भागिले १५.१, म्हणजे १३२. ठीक. आडव्या दिशेला टायला कोण धरतंय? वर पर्लिन आहेत, त्या राफ्टरला धरतात. खाली काहीच नाही. म्हणून लांबी २ मीटर नाही, भिंतीपासून भिंतीपर्यंत ८ मीटर. ८००० भागिले २३.९, म्हणजे ३३५.

वाऱ्यामुळेच दाब येणाऱ्या मेंबरला कोड २५० पर्यंत परवानगी देतो. आपण ती ओलांडली. तरी ताकद काढून बघू. अँगलसाठी कोडमधला बकलिंगचा (बाजूला वाकण्याचा) वर्ग ‘सी’. त्याच्या सूत्रानं ३३५ ला फक्त १४ न्यूटन प्रति चौरस मिमी मिळतात, गुणिले ११३६, म्हणजे १६ किलोन्यूटन. लागतात २१.७. नापास. स्ट्रेस १९, लोखंड २५० चं, आणि तरी नापास.

उपाय अँगल जाड करणं नव्हे. क सांध्यावर, शेडच्या लांबीभर, सगळ्या कैच्यांच्या टायना जोडणारा एक रनर (आडवा मेंबर) टाका आणि तो शेडच्या दोन्ही टोकांना, शेवटच्या दोन कैच्यांमधल्या ब्रेसिंगला (तिरक्या आधारांना) नीट बांधा. आता आडवी लांबी ४ मीटर: ४००० भागिले २३.९, म्हणजे १६७. कोडच्या टेबलमध्ये १६० ला ५३.३ आणि १७० ला ४८.१ आहेत, मधला आकडा सुमारे ४९.७. ताकद ५६ किलोन्यूटन. टायचा अँगल तोच, लोखंड तेवढंच, ताकद साडेतीन पट. ब्रेसिंगला न बांधलेला रनर मात्र शोभेचा, कारण मग सगळे टाय एकाच बाजूला मिळून वाकतात.

राफ्टरचं काम सोपं. दोन्ही दिशांना २.२४ मीटरवर आधार. उभ्या प्रतलात ०.८५ पट लांबी धरून १९०० भागिले १५.१, म्हणजे १२६, आणि बाहेरच्या दिशेला २२३६ भागिले २३.९, म्हणजे ९४. मोठा आकडा पकडायचा. १२६ ला ७८ मिळतात, ताकद ८८ किलोन्यूटन, मागणी २१.३. ताण २७, तोही किरकोळ. इथे ५० × ५० × ५ ची जोडीही बसते आणि प्रत्येक अँगलमागे मीटरला ७०० ग्रॅम वाचतात. कोकणात, खाऱ्या हवेत, मी ६ च घेईन. देशावर, नियमित रंग होणार असेल तर ५ ला माझी हरकत नाही.

तिरक्यात ७.१ किलोन्यूटन दाब, लांबी २.२४ मीटर, एकच अँगल. एकट्या अँगलसाठी सगळ्यात लहान रेडिअस घ्यायचा, तो टेबलमध्ये वेगळ्या रकान्यात असतो, आणि नवे लोक हमखास शेजारचा मोठा आकडा उचलतात. ५० × ५० × ६ चा ९.६ आहे: २२३६ भागिले ९.६, म्हणजे २३३. हा दाब कायमच्या आणि लाइव्ह भाराचा आहे, मर्यादा १८०. नापास. ६५ × ६५ × ६ चा १२.६: म्हणजे १७७. जेमतेम पास. एका पायानं जोडलेल्या अँगलला बल मधोमध मिळत नाही, त्यासाठी कोडमध्ये वेगळं सूत्र आहे. टोकं बिजागरीसारखी धरूनही त्यातून सुमारे ४० किलोन्यूटन मिळतात, पुरेसे. इथे साइज स्ट्रेसनं ठरलीच नाही, सडपातळपणानं ठरली.

मधला उभा फ–क, २ मीटर, एकटा ५० × ५० × ६: २०८. दाब फक्त वाऱ्यातला, म्हणून २५० ची मर्यादा. त्याच सूत्रानं ताकद २५, मागणी १०.५. पास.

आणि शून्य बलाचा प–ब? फॅब्रिकेटर विचारेल, साहेब, यात काहीच येत नाही तर काढू का? काढू नका. तो काढला की टायची उभ्या प्रतलातली लांबी ४ मीटर होते, ४००० भागिले १५.१, म्हणजे २६५, मर्यादेच्या बाहेर. पंखा किंवा दिवे टांगायचे असतील तर तेही अशाच सांध्यावर, टायच्या मध्यात नाही.

गणिताच्या बाहेरचं

दोन अँगलची जोडी कागदावर एक मेंबर असते, प्रत्यक्षात दोन सुटे अँगल. त्यांच्यामध्ये ८ मिमी पट्टीचे तुकडे वेल्ड केले तरच ते एक होतात. दोन तुकड्यांमध्ये एकट्या अँगलचा स्लेंडरनेस ४० च्या वर जाऊ नये, म्हणजे ४० गुणिले ९.६, साधारण ३८० मिमीवर एक तुकडा. ड्रॉइंगवर हे लिहिलं नाही तर मीटरभर अंतरावर एखादा तुकडा लागतो, कधी तोही नाही.

सांध्यावर सगळ्या अँगलच्या गुरुत्वमध्याच्या रेषा एका बिंदूत आल्या पाहिजेत. अँगलच्या कडा जुळवून वेल्ड केलं की दिसायला छान दिसतं, पण सांध्यात फुकटचं मोमेंट शिरतं.

शेवटी वजन ताडून पाहा. राफ्टर आणि टाय मिळून जवळपास १७ मीटर, जोडीचे मीटरला ९ किलो, म्हणजे १५२. तिरके ४.५ मीटर, ५.८ नं २६. उभे ४ मीटर, ४.५ नं १८. एकूण १९६, गसेट आणि तुकडे धरून २२० किलोच्या आसपास. ३२ चौरस मीटरला वाटले की ०.०७. आपण ०.१० धरले होते. खाली येणाऱ्या भारासाठी हे सुरक्षित, पण वाऱ्यासाठी उलटं: जास्त धरलेलं वजन म्हणजे नसलेली मदत. पुन्हा मोजलं तर टायमधला दाब २१.७ वरून २२.३ होतो. ५६ पुढे फरक पडत नाही, पण पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

भिंतीवर टेकलेल्या टोकाला हीच उचल किती येते तेही काढा: २ × (९.८४ वजा १.८), प्रत्येक टोकाला १६ किलोन्यूटन वरच्या दिशेला. तेवढं धरणारे अँकर बोल्ट काँक्रीटच्या बीममध्ये किंवा कॉलममध्ये पुरेशा खोलीवर हवेत. विटांच्या वरच्या थरात रोवलेले चालत नाहीत. बोल्टची साइज, त्यांची खोली, क सांध्यावरचा रनर आणि ३८० मिमीचे तुकडे या चारही गोष्टी ड्रॉइंगवर ठळक लिहून द्या, कारण कोटेशन स्वस्त करताना पहिली कात्री यांनाच लागते.